बोट काढू नका

साडेपाच वाजूच नयेत असं मला वाटायचं. त्या वेळेला आमच्या कलासंग्रहालयाचं दार बंद व्हायचं. तिथले शिपाई काका दालनांच्या खिडक्या लावायला घ्यायचे आणि मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिवसाचा आकडा उघडायचे. चित्रांच्या दालनांत दोन टच-स्क्रीन उभ्या केलेल्या होत्या. त्यांना दिवसभरात किती वेळा बोट लागलं, कुठल्या चित्रावर लागलं, किती वाजता लागलं, याची नोंद आपोआप व्हायची. या आकड्यावर माझी नोकरी अवलंबून आहे, असं कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं. पण माझी ऑर्डर अकरा महिन्यांची होती, आणि स्क्रीनसुद्धा पुण्याच्या एका कंपनीने वर्षभर वापरून बघायला दिल्या होत्या. लोकांनी वापरल्या तर राहणार, नाही तर दुसऱ्या कुठल्या तरी संग्रहालयात जाणार. स्क्रीन गेल्यावर माझं तिथं काय काम उरणार, हे समजायला फार हुशारी लागत नव्हती.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील गवंडीकाम करतात. आम्ही निमगाव सावाचे. आसपासच्या चार-पाच गावांत त्यांनी बांधलेल्या भिंती आहेत. बी.एस्सी. कॉम्प्युटर झाल्यावर माझ्याबरोबरच्या मुली पुण्याला गेल्या. आईच्या तब्येतीमुळे मला घर सोडता येत नव्हतं. तेव्हा कॉलेजातल्या आमच्या सरांनी जुन्नरच्या या संग्रहालयात माझ्यासाठी शब्द टाकला. ज्यांच्या घरात कधी कुणी कुणासाठी शब्द टाकलेला नसतो, त्यांनाच त्याचं वजन कळतं. पहिल्या दिवशी मी निघाले तेव्हा वडील इतकंच म्हणाले, "सरांचं नाव खाली जाऊ देऊ नको." ते वाक्य मी तेव्हापासून डोक्यावर भरल्या घागरीसारखं सांभाळत होते.

संग्रहालय लहान आहे. एक चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांनी उभं आयुष्य जुन्नर-आंबेगाव पालथं घालून चित्रं काढली. बाजार, पाणवठे, घाटातले रस्ते, माणसं. त्यांच्या मागे मुलीने ती सगळी चित्रं एका ट्रस्टला दिली आणि ट्रस्टने एका बंद पडलेल्या शाळेच्या चार खोल्यांत ती लावली. सगळ्यांत मोठं चित्र चौथ्या खोलीत आहे. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या आंबेगावची बाजारपेठ. भिंतीभर पसरलेलं, पण उंचावर लावलेलं, आणि पुढे दोरी. दोरीच्या अलीकडून घरं दिसतात, दारं दिसत नाहीत.

म्हणून त्या खोलीतली स्क्रीन मला सगळ्यांत जवळची होती. स्क्रीनवर त्या चित्राला बोट लावलं की चित्र मोठं व्हायचं. घराला बोट लावलं की घर मोठं व्हायचं, दाराला लावलं की दाराची कडीसुद्धा दिसायची. बाजूला चार ओळींची माहिती. ती मीच लिहिली होती, आणि ऐकायची असेल तर माझ्याच आवाजात ऐकू यायची. कंपनीने नमुना म्हणून पाठवलेली माहिती असल्या भाषेत होती की माझ्या आईला त्यातला एक शब्द कळला नसता. मी ती सगळी बदलली. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं तेव्हा.

पण लोक स्क्रीनला हात लावत नव्हते.

याला कारण आम्हीच होतो. चारही खोल्यांत भिंतीवर पाट्या होत्या, 'कृपया कशालाही हात लावू नये.' शिपाई काका कळंबचे. स्क्रीन येण्याआधी सहा वर्षं त्यांचं कामच ते होतं, हात लावणाऱ्याला ओरडायचं. आता त्यांना सांगितलं, स्क्रीनला हात लावायला सांगा. पण जिभेची सवय जाते कुठे? कुणी बिचारा धीर करून स्क्रीनजवळ बोट नेतोय, तेवढ्यात दारातून आवाज यायचा, "ओ पावणं! हात नाय लावायचा!" आणि मग त्याहून मोठ्याने, "लावा, लावा! त्याला लावायचा. त्यालाच फकस्त!" तोवर पाहुणे दोन्ही हात पाठीमागे घेऊन दुसऱ्या खोलीत गेलेले असायचे.

माझे वडील एकदा बघायला आले होते. सबंध वेळ हात मागे बांधून उभे राहिले. मी म्हणाले, "दादा, लावा ना बोट, मी केलंय हे." ते म्हणाले, "तूच दाव. माझ्या हाताला सिमिट असतंय." त्या दिवशी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

दुसरी अडचण मला हळूहळू कळली. आमच्याकडे माणसं एकेकटी येत नाहीत. जीप भरून येतात, नाही तर शाळेचा वर्ग येतो, नाही तर लग्नाचा बस्ता झाल्यावर वेळ उरला म्हणून अख्खं घर येतं. त्यातलं एक जण वाचणारं असतं, बाकीचे ऐकणारे. पारावर पेपर वाचतात तसं. एकाने दोन ओळी वाचायच्या, मग बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, मग पुढच्या दोन ओळी. स्क्रीनला हे माहीत नव्हतं. एक मिनिटभर बोट लागलं नाही की माणूस निघून गेला असं समजून ती पहिल्या पानावर परत जायची. 'नमस्कार. आपल्या आवडीचे चित्र निवडा.' लोक रंगात येऊन बोलत असायचे आणि समोरचं चित्र एकदम नाहीसं व्हायचं. त्यांना वाटायचं, आपल्याकडून काहीतरी मोडलं. मग एकमेकांकडे बघायचे आणि आवाज न करता बाहेर पडायचे. एकदा एक बाई मला व्हरांड्यात गाठून म्हणाल्या, "आमी काय नाय केलं हां. आपल्या आपणच गेलं ते."

मी कंपनीला पत्र पाठवलं की हा वेळ वाढवा. उत्तर आलं, एका माणसासाठी एक मिनिट पुरेसं असतं, सगळीकडे तेवढंच ठेवतात. पुन्हा लिहावं असं फार वाटलं. पण मी घाबरले. नवीन लागलेली मुलगी, दोनदा तक्रार करते, असं कुणी सरांच्या कानावर घातलं तर?

दिवाळीनंतर आकडा घसरला. मग ट्रस्टच्या व्यवस्थापक मॅडमचा पुण्याहून फोन आला. मॅडम स्वभावाने चांगल्या, पण बोलणं मोजकं. म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मी येते. अहवाल तयार ठेव. कंपनीला स्क्रीन ठेवायच्या की नाही ते कळवायचंय."

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला आजही हात अडतो. दुपारी दीड ते दोन काका जेवायला बसत. त्या अर्ध्या तासात मी खोल्यांतून जायचे आणि स्क्रीनला बोट लावायचे. आधी स्वतःला सांगितलं, चालते की नाही ते तपासतेय. मग तपासणं दहा वेळा झालं, वीस वेळा झालं. वेगवेगळी चित्रं निवडायची, मध्ये थांबायचं, म्हणजे वेगवेगळी माणसं वाटतील. संध्याकाळी आकडा वाढलेला दिसायचा आणि क्षणभर बरं वाटायचं. घरी गेल्यावर आई विचारायची, "आज आली का माणसं?" मी म्हणायचे, "आली."

त्यातच एक नवं संकट उभं राहिलं. नोंदीत आकड्यांच्या शेजारी एक रकाना होता, बिघाडांचा. तो इतके दिवस रिकामाच असायचा. आता त्यात चौथ्या खोलीतली स्क्रीन रोज दिसायला लागली. 'अडकलेला स्पर्श.' म्हणजे एखादी जागा सतत दाबलेली राहिली आहे, असं यंत्राचं म्हणणं. कधी पाच मिनिटं, कधी वीस. ही बोटं आकड्यात धरली जात नव्हती. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, काच घाण असेल. पुसून घ्या. पाण्याचा थेंब, धूळ, कशानेही होतं."

मी मऊ फडकं आणलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पुसायला लागले. बिघाड वाढतच गेला. रविवारी सर्वांत जास्त. मला वाटायला लागलं, मीच दुपारी इतकी बोटं लावून ती काच खराब केली. रात्री डोळा लागायच्या आधी ती काचच दिसायची. कंपनी म्हणेल, चांगली दिलेली वस्तू बिघडवली. मॅडम विचारतील, कुणी बिघडवली. सर म्हणतील, मी हिच्यासाठी शब्द टाकला होता.

अहवाल केला तेव्हा बिघाडांचा रकाना मी काढून टाकला. एक बटण दाबलं, गेला.

मॅडम आल्या तो रविवार होता. सकाळी अकराला गाडी लागली. मी अहवाल टेबलावर ठेवला, चहा सांगितला. मॅडमनी चष्मा लावला आणि पहिलं पान उलटलं. मला तिथं उभं राहवेना. "जरा खोल्या बघून येते," म्हणून मी फडकं घेतलं आणि बाहेर पडले.

व्हरांड्यात चपलांचा ढीग होता. जीप आली होती. चौथ्या खोलीतून बोलण्याचा आवाज येत होता. दारात काका स्टुलावर बसले होते. मी आत शिरणार तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "ताई, आता नका जाऊ. रंगात आल्याती."

"पुसायचंय काका. मॅडम बघायला येतील."

"तुमी फडकं घिऊन आला का ती बिचारी बाजूला व्हत्यात. रोजचंच हाय तुमचं."

मी दारातच थांबले.

आत आठ-दहा माणसं होती. स्क्रीनसमोर एक म्हाताऱ्या आजी उभ्या होत्या, नऊवारी, डोक्यावर पदर. त्यांचं उजव्या हाताचं बोट काचेवर होतं. नुसतं लावलेलं नाही, धरलेलं. स्क्रीनवर बाजारपेठेतलं एक निळं दार मोठं झालेलं होतं. शेजारी सून असावी, ती माझ्या ओळी वाचून दाखवत होती. मागे एक म्हातारे बाबा उभे होते, ते मधेच तिला अडवत होते.

"पेठेत उजव्या हाताला कासाराचं दुकान, असं लिव्हलंय? मंग बरोबर हाय. त्याच्या मागं आमचा गोठा व्हता."

"तुमचा कुठला? माझ्या सासऱ्याचा," आजी मान न वळवता म्हणाल्या.

"मंग मी कोन? तुझ्या सासऱ्याचा पोरगाच ना मी?"

सगळे हसले. आजी हसल्या पण बोट हललं नाही.

"वन्सं, बोट दुखलं का? द्या माझ्याकडं," दुसरी एक बाई पुढे आली. आजींनी तिचं बोट आपल्या बोटाशेजारी टेकवून घेतलं, नीट टेकलंय याची खात्री केली आणि मगच स्वतःचं काढलं. चुलीवरचं भांडं एकीने दुसरीच्या हातात द्यावं तसं.

मी काकांना विचारलं, "हे कधीपासून?"

"लई दिस झालं. धरणातली मानसं हायती ही. गाव उठल्याव कुणी मंचरकडं गेलं, कुणी निरगुडसरच्या अंगाला. पयल्या बारीला आली तवा सारखं जायचं चित्र. मंग त्या आजीनी बोट दाबूनच धरलं, तर ऱ्हायलं. आता त्यांच्यातलं कुणीबी आलं ना, जीपमधून उतरतानाच एकमेकांला सांगत्यात, 'बोट काढू नका.'"

"काका, मला सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं कुठं? तुमचं समदं ध्यान त्या आकड्यात. आन् माझं तर आयुष्य ओरडण्यात गेलं, हात लावू नका म्हनून. म्हनलं, आता कोन लावतंय तर लावू दे."

माझ्या हातातलं फडकं मी तसंच मुठीत दाबून धरलं. 'अडकलेला स्पर्श' अडकलेला नव्हता. म्हातारं बोट थोडंसं थरथरतं, त्यामुळे यंत्राला कुणीतरी आहे असं कळत होतं आणि चित्र जात नव्हतं. पण इतका वेळ कुणी बोट ठेवेल हे त्याला खरं वाटत नव्हतं, म्हणून ते सगळं बिघाडाच्या रकान्यात जात होतं. वर्षभरात स्क्रीनचा सर्वांत खरा वापर तिथं लिहिलेला होता, आणि तोच रकाना मी पुसून टाकला होता. त्याच्या जागी माझी दुपारची बोटं ठेवली होती.

मॅडमना सांगितलं तर स्क्रीन कदाचित राहतील. पण तो रकाना दाखवायचा म्हणजे मूळ नोंद उघडायची, आणि मूळ नोंदीत प्रत्येक बोटाची वेळ असते. दीड ते दोन, दीड ते दोन, रोज. मॅडमना ते दिसायला पाच मिनिटं लागली नसती. न सांगितलं तर माझा अहवाल दिसायला चांगलाच होता. मी व्हरांड्यात किती वेळ उभी होते माहीत नाही. चपलांच्या ढिगाकडे बघत होते. 

ऑफिसात गेले तेव्हा मॅडम शेवटच्या पानावर होत्या. म्हणाल्या, "आकडे वाढलेत की. छान."

मी म्हणाले, "मॅडम, ते वाढलेले माझे आहेत."

त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. नीट सांगता आलं नाही, उलटंसुलटं सांगितलं, आधी रकान्याचं, मग दुपारचं, मग आजींचं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अहवाल मिटला. मग म्हणाल्या, "मूळ नोंद उघड." मी उघडली. त्यांनी दीड ते दोनवर बोट ठेवून खाली खाली नेलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

"सरांना माहीत आहे?"

"नाही."

"तू सांगणार आहेस. मी नाही."

"हो."

त्या उठल्या आणि चौथ्या खोलीकडे निघाल्या. मी मागून. काका स्टुलावरून उठून उभे राहिले. आत आजींची पुन्हा पाळी आली होती. मॅडम जवळ गेल्या तशी सगळी माणसं बाजूला सरकली. आजी सरकल्या नाहीत. त्यांनी मॅडमकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "बाय, जरा धरती का? मला पानी प्यायचंय. पर सोडू नको हां, जातंय ते."

मॅडमनी बोट टेकवलं. आजी व्हरांड्यात जाऊन पाणी पिऊन, तोंड पुसून, कुणाशी तरी दोन शब्द बोलून परत येईपर्यंत मॅडम त्या निळ्या दाराला बोट लावून उभ्या होत्या. बाबा त्यांना गोठा कुठं होता ते समजावून सांगत होते.

तो अहवाल मॅडमनी परत दिला. नवा करायला लावला. पहिल्याच पानावर मी लिहिलं की अमुक इतकी बोटं माझी आहेत, ती मोजू नयेत. दुसऱ्या पानावर बिघाडांचा रकाना, आणि तो बिघाड का नाही, ते आठ ओळींत. खाली माझी सही. लिहिताना चार वेळा कागद बदलला.

सरांकडे गेले तेव्हा ते वर्गावर होते. तास संपेपर्यंत बाहेर बाकावर बसले. सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पकडली गेलीस, की सांगितलंस?" मी म्हणाले, "सांगितलं." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या तासाला गेले. त्या मान हलवण्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

घरी वडिलांना सांगायला मला आणखी चार दिवस लागले. ते ओट्यावर बसून थापी धूत होते. ऐकून घेतलं. म्हणाले, "भिंत वाकडी गेली तर पाडून परत चढवायची. प्लास्टर नाय मारायचं वरून." आणि थापी धूत राहिले.

स्क्रीन राहिल्या. कंपनीने चित्र परत जाण्याचा वेळ वाढवला, आता दहा मिनिटं कुणी बोट लावलं नाही तरी चित्र हलत नाही. मला अकरा महिन्यांची नाही, तीन महिन्यांची ऑर्डर मिळाली. मग आणखी तीन महिन्यांची. दर तीन महिन्यांनी ती तारीख येऊच नये असं वाटतं. दुपारी दीड वाजता मी आता डबा घेऊन काकांबरोबर जेवायला बसते, आणि काका म्हणतात, "ताई, हात धुतलं का? का लावायचंय अजून कुठं?" यावर हसायला मला बरेच महिने लागले.

त्या आजी परवा पुन्हा आल्या. मी फडकं न घेता गेले. निळं दार मोठं करून त्या तशाच उभ्या होत्या, बोट काचेवर. मी म्हणाले, "आजी, आता काढलं तरी चालतं. नाही जात."

"जात न्हाई?"

"नाही. वेळ वाढवून घेतलाय मी."

त्यांनी बोट उचललं. चित्र तसंच राहिलं. त्या दाराकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने बोट परत टेकवलं.

"असू दे," म्हणाल्या. "एखाद्या बारीला जात असतंय."

मी त्यांच्यासाठी ऑफिसातली खुर्ची आणून दिली.